अंकुराची वाढ टिपणारा त्र्यंबकचा किमयागार

छायाचित्रकलेच्या इतिहासात मोटार शर्यतीचे एक छायाचित्र विलक्षण गाजले आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीची ती गोष्ट. फ्रान्समधील ग्रांप्री शर्यत पाहायला गेलेल्या जाक आंरी लार्तिग या विशीच्या आतल्या तरुणाने भरधाव जाणाऱ्या मोटारीच्या दिशेने कॅमेरा फिरवला आणि कळ दाबली. प्लेट धुतल्यावर दिसले ते भलतेच होते. मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर कापला गेला होता, मागचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले होते आणि रस्त्याकडेला उभे असलेले प्रेक्षक व खांब मागे कलले होते. फसलेले चित्र म्हणून लार्तिगने ते बाजूला ठेवले. कित्येक दशकांनी, १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, त्याचे नाव जगभर झाले आणि हे फसलेले चित्र वेगाचे प्रतीक मानले जाऊ लागले.

त्या चित्रामागचे रहस्य कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. काचेच्या प्लेटसमोर एक पडदा असे आणि त्याला आडवी फट असे. ही फट सरकत जाई, तसतसा प्लेटचा एकेक पट्टा उजळत जाई. भिंगातून येणारे चित्र प्लेटवर उलटे पडत असल्याने जमिनीलगतचा भाग आधी उमटे आणि वरचा भाग त्यानंतर. तेवढ्या अवधीत मोटार पुढे सरकलेली असे. त्यामुळे चाकाचा वरचा भाग खालच्यापेक्षा पुढे गेलेला दिसला. मोटारीबरोबर कॅमेराही फिरत होता म्हणून स्थिर खांब मात्र उलट दिशेला झुकले. म्हणजे त्या एका काचेवर एकच क्षण गोठलेला नव्हता, तर अनेक लहान लहान क्षण एकाखाली एक रचले गेले होते. छायाचित्र काळ थांबवते, ही समजूत त्या चाकाने खोटी पाडली.

नेमक्या त्याच काळात, १९१२ साली मुंबईतील दादरच्या एका घरात बेचाळीस वर्षांचा एक माणूस काळाशी असाच, पण अगदी उलट्या टोकाने झुंजत होता. लार्तिगपुढे डोळ्याला पकडता न येणारा वेग होता. या माणसापुढे होती डोळ्याला न दिसणारी संथ गती. त्याने मातीत वाटाणे पेरले होते आणि ते उगवताना जगाला दाखवायचे, अशी प्रतिज्ञा केली होती. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखू लागला.

वेदपाठ आणि कुंचला

नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराजांचा जन्म झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे दाजीशास्त्री या नावाने परिचित असलेले संस्कृत पंडित होते. घराण्यात पौरोहित्याची परंपरा होती. मुलाने शास्त्राध्ययन करावे, घराण्याचा वारसा पुढे चालवावा, हीच त्या काळच्या रीतीनुसार अपेक्षा होती आणि धुंडिराजांनी लहानपणी धर्मविधींचे शिक्षणही घेतले. परंतु त्यांचे मन चित्रांत, मातीच्या मूर्तींत आणि सोंगे वठवण्यात अधिक रमे. दाजीशास्त्र्यांना मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब त्र्यंबकहून मुंबईला आले. या स्थलांतराने धुंडिराजांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८८५ मध्ये त्यांनी जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला.

पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्याला गेले. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे म्हणजे त्या वेळी नव्या विद्यांचे माहेरघर होते. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेल्या कलाभवनात धुंडिराजांनी तैलरंग आणि जलरंगातील चित्रकला शिकली, वास्तुकला आणि मूर्तिकामाचेही धडे घेतले. १८९० च्या सुमारास त्यांच्या हाती कॅमेरा आला. छायाचित्र काढणे, काच धुणे, कागदावर छापणे या साऱ्या क्रिया त्यांनी स्वतः करून पाहिल्या. त्यांची चिकाटी पाहून गज्जर यांनी त्यांना ठसे बनवण्याची आणि तीन रंगांत छपाईची कला शिकण्यासाठी रतलामला धाडले. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात १८९२ मध्ये त्यांनी मांडलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले.

या सगळ्या विद्या त्या वेळी विस्कळीत वाटत असतील. चित्रकला शिकून माणूस चित्रकार होतो, छपाई शिकून मुद्रक होतो. पण रंग, मूर्ती, रंगमंच, रसायने आणि भिंग अशा पाच दिशांना धावणाऱ्या तरुणाचे पुढे काय होणार, हा प्रश्न घरच्यांना पडला असल्यास नवल नाही. या पाचही विद्या एकाच ठिकाणी कामाला लावणारी कला अद्याप हिंदुस्थानात यायची होती.

संकटांचे दशक

व्यवसाय म्हणून छायाचित्रण करायचे ठरवून फाळके १८९५ मध्ये गुजरातेतील गोध्रा येथे गेले. तेथे त्यांचे बस्तान बसत होते, तोच प्लेगने घाला घातला. १९०० च्या सुमारास या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. उद्ध्वस्त मनाने ते बडोद्याला परतले आणि पुन्हा कॅमेरा मांडून बसले. तेथे आणखी एक अडथळा उभा राहिला. छायाचित्र काढले की माणसाच्या अंगातली शक्ती शोषली जाते, आयुष्य घटते, असा समज त्या काळी लोकांत घट्ट रुजला होता. प्लेगने माणसे पटापट मरत असताना ही भीती अधिकच बळावली असावी. गिऱ्हाईक फिरकेना. फाळके यांनी लोकांची समजूत काढण्याचा प्रयत्न केला. पण पोटापाण्यासाठी त्यांना नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवण्याकडे वळावे लागले.

याच दिवसांत बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले. स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते जाहीर खेळ करू लागले. प्रेक्षक काय पाहतो, काय पाहत नाही आणि त्याची नजर कोठे वळवली की हातचलाखी लपते, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले. पौराणिक चित्रपटांतील त्यांच्या चमत्कारांचे मूळ या खेळांत शोधावे लागते.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांची भाची असलेल्या करंदीकरांच्या गिरिजाबाई फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. प्रपंचाला स्थैर्य देणारी ती नोकरी होती; परंतु स्वदेशीच्या वाऱ्याने भारलेल्या त्या वर्षांत सरकारी चाकरीत त्यांचे मन लागले नाही. १९०६ मध्ये राजीनामा देऊन त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाप्रेसशी त्यांचा संबंध आला. घरोघरच्या देवघरांत पोहोचलेल्या त्या रंगीत देवदेवता कशा छापल्या जातात, हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे छापखाना दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने भरभराटीला चढला. १९०९ मध्ये फाळके नवी यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि वयाच्या चाळिशीत, हाती काही न घेता ते या व्यवसायातून बाहेर पडले.

पडद्यावरचा चमत्कार

अशा रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास फाळके यांनी मुंबईतील एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूचे चरित्र सरकत होते आणि फाळके यांच्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. आपले देव असे पडद्यावर कधी अवतरतील, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांनी या अनुभवाची हकिकत सांगितली आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी झपाटल्यासारखा अभ्यास सुरू केला. एक लहानसा खेळण्यातला सिनेमा-यंत्र, काही फिल्मचे तुकडे, मेणबत्ती आणि भिंग एवढ्या सामग्रीवर भिंतीवर चित्रे पाडण्याचे प्रयोग रात्र रात्र चालत. मुंबईत लागणारा प्रत्येक चित्रपट ते पाहत. झोप जेमतेम तीन-चार तासांची. या अतिश्रमांचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. ज्याच्या साऱ्या विद्या डोळ्यांवर उभ्या होत्या, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांमुळे आणि तीन-चार निरनिराळ्या चष्म्यांच्या मदतीने ते पुन्हा पाहू लागले. उठताक्षणी त्यांनी हाती घेतले ते काम तेच होते.

चित्रपट बनवायचा तर यंत्रे हवीत आणि ती विलायतेतच मिळतील, हे उघड होते. जवळ पैसा नव्हता. आयुर्विम्याच्या पॉलिसी तेवढ्या शिल्लक होत्या. त्या तारण ठेवून त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज उभे केले. आपल्या पश्चात बायकामुलांना आधार व्हावा म्हणून केलेली तजवीज त्यांनी अशा धंद्यासाठी गहाण टाकली, जो या देशात अद्याप अस्तित्वातच नव्हता. नातेवाईक आणि मित्र यांना हा वेडेपणा वाटला. सरस्वतीबाई मात्र पाठीशी उभ्या राहिल्या.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीने लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांना ते थेट जाऊन भेटले. हिंदुस्थानात या धंद्याला अनुकूल हवामान नाही, असा परावृत्त करणारा सल्ला केबर्न यांनी दिला. परंतु समोरच्या माणसाची जिद्द ओळखून त्यांनी सेसिल हेपवर्थ या ख्यातनाम निर्मात्याशी ओळख करून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळके यांनी चित्रीकरणाचे टप्पे प्रत्यक्ष पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला कडेने छिद्रे पाडणारे यंत्र, धुलाई-छपाईचे साहित्य आणि कोरी फिल्म यांची मागणी नोंदवून १ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले. त्याच सुमारास फाळके फिल्म्स कंपनीची स्थापना झाली. मे महिन्यात यंत्रांच्या पेट्या दादरला पोहोचल्या आणि त्यांनी ती स्वतःच्या हातांनी जोडली.

कुंडीतला वाटाणा

यंत्रे आली, पण चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? सावकाराला पुराणकथेची महती सांगून भागत नाही, त्याला हमी लागते. फाळके यांनी हमी म्हणून एक लहानसे चित्रपट-दर्शन घडवायचे ठरवले. विषय निवडला तो वाटाण्याचा. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोज ठरावीक वेळी थोडी थोडी फिल्म फिरवायला सुरुवात केली. कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नव्हता, प्रकाश शक्य तितका सारखा राखायचा होता. महिनाभर हे व्रत चालले.

रोज एक चौकट, असे या प्रयोगाचे वर्णन नेहमी केले जाते. त्यातला हिशेब पाहण्यासारखा आहे. मूकपटाच्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चौकटी सरकत. महिन्याच्या तीस चौकटी दोन सेकंदांत संपून जातील. मिनिटभराचे चित्र दाखवायचे तर हजाराच्या घरात चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला तीसेक. कोंब जमिनीतून डोके काढताना दिसावा, पाने उलगडावीत, वेल आधार शोधत वर चढावी, हे सारे ओळखता येईल अशा गतीने घडवण्यासाठी किती वेळाने किती फिल्म खर्ची घालायची, याचे गणित त्यांना स्वतःच मांडावे लागले असणार. मार्गदर्शन करणारे या देशात कोणी नव्हते. शिवाय महिना संपून फिल्म धुतल्याखेरीज प्रयोग साधला की फसला, हे कळणार नव्हते. एखाद्या दिवशी कॅमेऱ्याला धक्का लागला असता, तर पुन्हा पहिल्या वाटाण्यापासून सुरुवात करणे भाग होते.

प्रयोग साधला. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत फाळके यांनी निवडक मंडळींना दाखवली. मिनिटभरात दाण्याची वेल होताना पाहून बघणारे थक्क झाले. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शवली. या देशातील चित्रपटउद्योगाचे पहिले भांडवल कोणा नटावर किंवा कथेवर उभे राहिलेले नाही, ते एका उगवत्या रोपट्याच्या चित्रावर उभे राहिले आहे. विषयाची निवडही अर्थपूर्ण होती. शेतकऱ्याच्या देशात बी रुजणे सर्वांना ठाऊक होते, पण ते रुजताना कोणी पाहिलेले नव्हते. परिचित गोष्टीतला अदृश्य भाग डोळ्यांना दाखवणे, हीच या नव्या कलेची ताकद फाळके यांनी सावकारांपुढे ठेवली.

लार्तिगच्या काचेवरील चाक आणि फाळके यांच्या कुंडीतील कोंब यांच्यातले नाते येथे उमगते. तेथे डोळ्याचे पाते लवण्याच्या आतला काळ ताणून एका चित्रात बसला होता. येथे महिन्याचा काळ आवळून मिनिटात बसवला होता. एकाच्या हातून ते अपघाताने घडले, दुसऱ्याने ते ठरवून, डोळे पणाला लावून घडवले.

सरस्वतीबाईंचा वाटा

'राजा हरिश्चंद्र'चे काम दादरच्या घरीच सुरू झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री कलाकार मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तरुण तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्राच्या भूमिकेत उभे राहिले आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. कॅमेरा चालवण्यासाठी फाळके यांनी बालपणीचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांना बोलावून घेतले आणि ही विद्या शिकवली. त्र्यंबकेश्वरी पौरोहित्य करणारा माणूस अशा रीतीने या देशातील पहिल्या कथापटाचा छायालेखक बनला.

या साऱ्या धडपडीत सरस्वतीबाईंनी केलेल्या कष्टांची नोंद घेतल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही. पैसा कमी पडला तेव्हा त्यांचे दागिने कामी आले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून कलाकारांवर प्रकाश परावर्तित करत. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्याकडे असे आणि फिल्म धुण्यासाठी रसायने मिसळण्याचेही. छिद्र किंचित चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरणार, म्हणजे या कामात हाताला चूक करण्याची मुभा नव्हती. शाळेत रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या गृहिणीने ही तांत्रिक जबाबदारी पेलली, तीही लहान मुले सांभाळून.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत सुमारे ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' रसिकांपुढे आला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. घरच्या देवघरातील छापील चित्रांची सवय झालेल्या डोळ्यांना पुराणातली माणसे चालताना, रडताना दिसली.

गोदाकाठची चित्रनगरी

या यशानंतर १९१३ मध्येच फाळके यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला. मुंबईत भांडवल होते, बाजार होता. पण फाळके यांना हवे असलेले दृश्य नाशिकला होते. गोदावरीचे घाट, काळ्या दगडातील मंदिरे, पंचवटीचा परिसर, भोवतालचे डोंगर आणि ओहोळ हे त्यांच्या पुराणकथांचे तयार नेपथ्य होते. स्वच्छ सूर्यप्रकाशावरच चित्रीकरण अवलंबून असलेल्या त्या काळात नाशिकची हवाही उपकारक ठरली. रामायणाशी नाते सांगणाऱ्या भूमीत रामकथेचे चित्रण करण्यातले औचित्य तर वेगळेच होते. शिवाय त्र्यंबकचे जन्मगाव हाकेच्या अंतरावर होते.

नाशिकला आल्यावर 'मोहिनी भस्मासुर' तयार झाला. यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि भारतीय चित्रपटात प्रथमच स्त्रीच्या भूमिकेत स्त्री दिसली. पाठोपाठ 'सत्यवान सावित्री' आला. १९१४ मध्ये हे तीन चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तंत्राची वाखाणणी केली आणि इंग्लंडमध्येच राहून काम करण्याचे प्रस्तावही आले. ते नाकारून ते नाशिकला परतले. स्वदेशी चित्रपट स्वदेशातच घडला पाहिजे, ही त्यांची धारणा होती.

परतल्यावर महायुद्ध भडकले आणि भांडवलाचे झरे आटले. कंपनीतली माणसे सांभाळणे अवघड झाले. पण याही दिवसांत प्रयोग थांबले नाहीत. आगकाड्या आपोआप हलतात आणि आकृत्या घडवतात, अशी 'आगकाड्यांची मौज' त्यांनी चौकट चौकट टिपून तयार केली. वाटाण्याला जी युक्ती वापरली, तीच येथे निर्जीव काडीला लावली होती. 'प्रोफेसर केल्फाचे जादूचे प्रयोग'ही पडद्यावर आले आणि चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारी एक फीतही त्यांनी काढली. तिच्या उरलेल्या तुकड्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात.

१९१७ मध्ये 'लंकादहन' आला आणि गर्दीचे सगळे अंदाज मोडले. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मारुतीचे उड्डाण आणि जळती लंका पाहण्यासाठी लोक दूरवरून येत. या यशामुळे धनिकांचे लक्ष या धंद्याकडे वेधले गेले आणि १ जानेवारी १९१८ रोजी भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ मधील 'कालियामर्दन' हे या काळातील चित्रपट. दोन्हींत फाळके यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. 'कालियामर्दन'मधील तिचा मिस्कील, निरागस अभिनय आजही पाहणाऱ्याला भुरळ घालतो.

मतभेद, मौन आणि बोलपट

भागीदारी फाळके यांना कधीच मानवली नाही. छापखान्यात जे घडले, तेच नाशिकच्या कंपनीत घडले. भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि वेळेचे बंधन हवे होते. फाळके यांना मनासारखे दृश्य मिळेपर्यंत थांबण्याची मोकळीक हवी होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. ज्या माणसाने वाटाणा उगवेपर्यंत महिनाभर वाट पाहिली, त्याच्याकडून घड्याळाच्या काट्यावर काम करवून घेणे अवघड होते. आणि ज्यांचा पैसा गुंतला होता, त्यांना अमर्याद वाट पाहणे परवडणारे नव्हते. अखेर फाळके सारे सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले, पण पूर्वीचे स्वातंत्र्य त्यांना पुन्हा लाभले नाही.

तोवर काळ वेगाने पुढे निघाला होता. नवे निर्माते, नवे विषय आणि नवे प्रेक्षक आले होते. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. फाळके त्या वेळी 'सेतुबंधन' या मूकपटात गुंतले होते. १९३२ मध्ये तो आला तेव्हा मूकपटाचे दिवस सरत आले होते. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. हिंदुस्थान कंपनीही बंद पडली. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. भागीरथाने गंगा आणली ही कथा, आणि गंगाद्वाराच्या पायथ्याशी जन्मलेला दिग्दर्शक. योगायोग असला तरी मनाला भिडणारा आहे.

१९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. व्ही. शांताराम यांच्यासारख्या नव्या पिढीच्या निर्मात्यांनी त्या वेळी फाळके यांची आठवण ठेवली आणि त्यांना आर्थिक साह्य मिळवून दिले. एरवी ज्यांनी एका उद्योगाचा पाया घातला, त्यांच्या वार्धक्यात त्या उद्योगाच्या भरभराटीचा वाटा फारसा आला नाही. शंभराच्या आसपास चित्रपट आणि कित्येक लघुपट काढणाऱ्या या माणसाचे अखेरचे दिवस नाशिकमध्ये साधेपणाने, बरेचसे विस्मृतीत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

उरले ते

त्यांच्या पश्चात मान मिळाले. केंद्र सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. देविकाराणी पहिल्या मानकरी ठरल्या. १९७१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव दिले गेले आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे राहिले. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने फाळके दांपत्याची धडपड नव्या पिढीपुढे आणली.

परंतु त्यांनी टिपलेल्या चित्रांचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई आणि न पेटली तरी हवेने विरत जाई. त्यामुळे मूकपटांच्या काळातील बहुतांश ठेवा नष्ट झाला. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे म्हणून जे जतन झाले आहे, तेही मूळ चित्रपटाचे की फाळके यांनी पुढे पुन्हा केलेल्या आवृत्तीचे, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. काचेवर उमटलेले लार्तिगचे चाक टिकले आणि जगाने ते पाहिले. वाटाण्याच्या वेलीला ते भाग्य लाभले नाही.

तरीही त्या वेलीचे फळ नजरेआड करता येत नाही. विम्याची पॉलिसी, पत्नीचे दागिने आणि स्वतःची दृष्टी एवढी किंमत मोजून धुंडिराज फाळके यांनी जे बी पेरले, त्याची वाढ पाहायला एक महिना किंवा एक आयुष्यही पुरणारे नव्हते. भारतात दरवर्षी अनेक भाषांत शेकड्यांनी चित्रपट तयार होतात, लाखो हातांना त्यातून काम मिळते. दादरच्या कुंडीत १९१२ साली डोके वर काढलेल्या त्या कोंबाची वाढ अजून थांबलेली नाही.